सर्व घटक एकत्र करून

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या पूर्व भागातल्या एका आइस्क्रीमच्या दुकानातून मला फोन आला. फोन मालकांचा नव्हता, त्यांच्या सुनेचा होता, आणि ती अगदी हळू आवाजात बोलत होती. "ताई, अंजीर कडू होतंय. पंधरा दिवस झाले. बाबांना सांगू नका मी फोन केला म्हणून, पण तुम्ही सहज आल्यासारख्या येऊन जा." त्या दुकानाचे काम मी नोव्हेंबरमध्ये केले होते, त्यामुळे चौकशीच्या निमित्ताने जाणे मला अवघड नव्हते. मी दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. त्या दुपारबद्दल मी गेले काही आठवडे ज्याला त्याला सांगत आहे आणि तरीही ती डोक्यातून जात नाही, म्हणून ती एकदा नीट लिहून काढत आहे.

मी दुग्धतंत्रज्ञ आहे. अकरा वर्षे एका मोठ्या डेअरीत काढली आणि आता स्वतंत्रपणे छोट्या उत्पादकांकडे जाते. कोणाचे पनीर भुसभुशीत होते, कोणाच्या श्रीखंडाला पाणी सुटते, कोणाचे आइस्क्रीम जिभेला वाळूसारखे लागते. बाहेरच्यांना वाटते की हे काम प्रयोगशाळेत होत असावे. प्रत्यक्षात ते बहुतांशी ओल्या फरशीवर उकिडवे बसून, दुसऱ्याच्या पातेल्यात थर्मामीटर धरून आणि लोक जे सांगत नाहीत ते कसे काढून घ्यायचे याचा विचार करत होते. कोणताही उत्पादक पहिल्या तासात खरी कृती सांगत नाही. तो आपल्याला शोभेल अशी कृती सांगतो.

हे दुकान म्हणजे एक लहान गाळा आणि मागे पत्र्याची शेड. समोर बसायला चार बाकडी, आणि भिंतीवर खडूने लिहिलेला फळा, ज्यावर कोणत्याही दिवशी पाचापेक्षा जास्त स्वाद नसतात. हिवाळ्यात महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी, मग उन्हाळ्याच्या तोंडाशी पुरंदरचे अंजीर, एप्रिल-मेमध्ये हापूस, पहिल्या पावसाच्या सुमाराला जांभूळ आणि गणपतीपासून दिवाळीनंतरपर्यंत सीताफळ. फळ संपले की स्वाद पुसला जातो. चॉकलेट नाही, बटरस्कॉच नाही. पोरांना घेऊन येणारे आईबाप यावर रुसतात, आणि काका (मालकांना मी काकाच म्हणते) त्यांना शांतपणे समोरच्या बेकरीचा रस्ता दाखवतात.

आइस्क्रीम अजूनही लाकडी पिंपातल्या पॉटमध्ये होते, फक्त दांडा फिरवायला माणसाऐवजी मोटर आहे. सकाळी बर्फाची लादी येते, ती टोच्याने फोडायची, पिंप आणि पत्र्याचा डबा यांच्यामधल्या फटीत बर्फाचा एक थर, खडे मिठाचा एक थर असे भरत जायचे. मिठामुळे बर्फ शून्याच्या कितीतरी खाली जाऊन वितळू लागतो आणि डब्यातल्या मिश्रणाची उष्णता ओढून घेतो. या पद्धतीत मिश्रणात हवा फार कोंडली जात नाही. नोव्हेंबरमध्ये मी काकांचे एक लिटर आइस्क्रीम वजन करून पाहिले तेव्हा ते ८७० ग्रॅम भरले होते. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत एक लिटर आइस्क्रीमचे वजन किमान ५२५ ग्रॅम असले पाहिजे एवढीच अट आहे, म्हणजे डब्यातला जवळजवळ निम्मा भाग हवा असला तरी कायद्याची हरकत नाही. त्याच नियमांत आइस्क्रीमला दुधाचा स्निग्धांश किमान १० टक्के आणि एकूण घनपदार्थ किमान ३६ टक्के लागतात, आणि दुधाऐवजी वनस्पती तेलाचा स्निग्धांश वापरला तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही, 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. ते लिहिलेले असते, वाचते कोण? लिटरवर भाव लावून हवा विकत घेणारे ग्राहक काकांच्या दुकानात येऊन "एवढुसा कप आणि एवढे पैसे" असे म्हणतात तेव्हा मला त्यांच्या हातात वजनकाटा द्यावासा वाटतो.

नोव्हेंबरमध्ये तक्रार वेगळी होती. सीताफळाचे आइस्क्रीम दुसऱ्या दिवशी बर्फाळ होत होते, चमच्याखाली करकर वाजत होते. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. सीताफळाच्या गराबरोबर मिश्रणात पाणी वाढत होते, घनपदार्थ कमी पडत होते, आणि तापवलेले मिश्रण जेमतेम कोमट झाले की काका ते थेट पॉटमध्ये ओतत होते. कोमट मिश्रण गोठायला वेळ घेते, आणि जितका वेळ घेते तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात. यावर उपाय जुना आणि खात्रीचा आहे. थोडी स्निग्धांश काढलेल्या दुधाची पावडर वाढवायची, आणि तापवलेले मिश्रण थंड करून रात्रभर ४ अंश सेल्सिअसच्या आसपास मुरू द्यायचे. त्या वेळात स्निग्धांशाचे कण घट्ट होतात, प्रथिने पाणी धरून घेतात आणि सकाळी मिश्रण दाट, रेशमी होऊन पॉटमध्ये जाते. फरक इतका ठळक असतो की पहिल्यांदा पाहणारा माणूस आपल्यालाच जादूगार समजतो. काकांनीही समजले. मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सहा ओळींची कृती लिहून दिली, त्यांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून शेडमधल्या भिंतीला चिकटवली.

त्याच भेटीत काकांनी मला त्यांचा एक नियम सांगितला होता आणि मी तो मान डोलावून ऐकला होता. फळ कधीही विस्तवावर जाऊ द्यायचे नाही. नऊ वर्षांपूर्वी दुकान नवे असताना त्यांनी सीताफळाचा गर टिकावा म्हणून तो दुधात घालून उकळला होता आणि वीस लिटर मिश्रण कडू होऊन गटारात गेले होते. ते खरेच आहे. सीताफळाचा गर साठ-पासष्ट अंशांच्या पुढे तापवला की कडवट होतो. म्हणून तो तापवून टिकवता येत नाही, गोठवूनच ठेवावा लागतो. काका त्या दिवसापासून दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखे झाले होते आणि प्रत्येक फळाचे ताक फुंकून पीत होते. सीताफळाचा नियम त्यांनी स्ट्रॉबेरीला लावला, आंब्याला लावला, अंजिरालाही लावला. मला तेव्हाच विचारायला हवे होते की अंजिराचे काय. पण नोव्हेंबर होता, फळ्यावर सीताफळ होते आणि माझ्या डोक्यात बर्फाचे स्फटिक होते.

तर मार्च. काकांनी मला पाहिले आणि आनंदाने "या मॅडम" म्हणून हापूसची पहिली पेटी दाखवायला लागले. अंजिराचे नाव काढले नाही. मी फळ्याकडे पाहून म्हटले, "काका, अंजीर पुसलंत? अजून तर मिठा बहर चालू आहे." मग ते बाकड्यावर बसले.

त्यांनी फ्रीजरमधून राखून ठेवलेला एक डबा काढला. रंग सुंदर होता, अंजिराच्या बिया दिसत होत्या, वासही उत्तम. पहिला घास गोड. मग तो गिळल्यावर साधारण पाच-सहा सेकंदांनी जिभेच्या मागच्या बाजूला एक कडूपणा उमटला आणि तिथेच बसून राहिला. कडूपणाचेही प्रकार असतात. विटलेल्या स्निग्धांशाचा कडूपणा साबणासारखा आणि लगेच जाणवणारा असतो, त्याला वास असतो. जनावराने नको ते तण खाल्ले तर दुधालाच उग्रपणा येतो, मग तो प्रत्येक स्वादात यायला हवा. हा तसा नव्हता. उशिरा येणारा, स्वच्छ, वास नसलेला कडूपणा बहुतेक वेळा प्रथिनांचे तुकडे झाल्याचे लक्षण असतो. आणि दुसरी गोष्ट काकांनी सांगितलीच नव्हती, ती वाटीत दिसत होती. बोलता बोलता आइस्क्रीम वितळले तेव्हा ते सायीसारखे पसरले नाही, पाण्यासारखे वाहिले, आणि त्यात पांढऱ्या बारीक कण्या राहिल्या.

दरम्यान काकांनी आपल्या परीने सगळे करून पाहिले होते. दूधवाला बदलून पाहिला, फरक पडला नाही. साडेतीन हजार रुपये भरून एका खासगी प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेतली. तो अहवाल त्यांनी मला दाखवला. स्निग्धांश ठीक, घनपदार्थ ठीक, जिवाणूंची एकूण संख्या मर्यादेत, कोलिफॉर्म (अस्वच्छता दाखवणारे जिवाणू) मर्यादेत, शेवटी 'नमुना प्रमाणित' असा शिक्का. कडू लागते का, हा रकाना त्या छापील तक्त्यात नाही, आणि नमुना हातात घेणाऱ्याने तो चाखून पाहायचा असतो असेही कोणाला वाटले नाही. एका पावडर विक्रेत्याने येऊन सीएमसी आणि जीएमएसचे (आइस्क्रीमचा पोत टिकवणाऱ्या स्थिरक वगैरे पावडरींचे) प्रमाण वाढवा म्हणून सांगितले, म्हणजे निदान वितळणार तरी नाही. त्या गृहस्थांकडे प्रत्येक रोगावर एकच औषध असते आणि ते योगायोगाने त्यांच्याच पिशवीत असते.

शेवटी काकांनी कारण स्वतःच ठरवले होते. अंजीर देणारा बागायतदार दिवे घाटाच्या वरचा, दुकान सुरू झाल्यापासूनचा, दर हंगामात पहाटे स्वतः टेम्पोने पाट्या आणून देणारा. काकांनी त्याला फोन करून सांगितले होते की तुम्ही औषध मारलेला माल देता, लोक आजारी पडले तर दुकान माझे बंद होईल, उद्यापासून येऊ नका. मग मार्केट यार्डातून अंजीर आणले. तेही कडू झाले. यावरून काकांनी असा निष्कर्ष काढला की आता सगळेच शेतकरी औषध मारतात.

मी काही बोलले नाही, पण माझ्या दृष्टीने गोष्ट तिथेच फिरली. शेतकरी बदलूनही कडूपणा तसाच राहिला, तर तो फळाच्या जातीत किंवा आपल्या हातात आहे. सून इतका वेळ दाराशी उभी होती. ती रोजची घाण (त्यांच्याकडे एका वेळच्या मिश्रणाला घाण म्हणतात) एका दोनशे पानी वहीत लिहिते: किती दूध, किती साखर, किती वाजता तापवले, किती वाजता पॉट लावला. ती वही तिने मला आणून दिली आणि सासऱ्यांकडे न पाहता म्हणाली, "रंगपंचमीचं गोड होतं, ताई. मी तेव्हाही म्हटलं होतं."

"एका दिवसाचं काय घेऊन बसलीस," काका म्हणाले.

मी त्या दिवसाचे पान काढले. रंगपंचमीला दुपारीच माल संपला होता, म्हणून संध्याकाळी चार वाजता मिश्रण तापवून, बर्फात थंड करून, साडेसहाला पॉट लावला होता. मुरवायला वेळच नव्हता. मागची पाने उलटत गेले. बाकी सगळ्या घाणी रात्री आठ-नऊला तापवलेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला पॉटला लावलेल्या होत्या. नोव्हेंबरच्या आधीच्या वर्षांची वही मागितली. त्यात अंजिराचा गर नेहमी शेवटच्या रकान्यात होता: 'पॉट अर्धा बसल्यावर गर.' या वर्षीच्या पानांवर तो रकानाच नव्हता. गर वरच्या यादीत, दूध, साखर, पावडर यांच्या शेजारी गेला होता.

मी मान वर केली तेव्हा समोर भिंतीवर माझा पुठ्ठा होता. चौथी ओळ माझ्या अक्षरात अशी होती: 'सर्व घटक एकत्र करून मिश्रण रात्रभर ४ अंशांवर ठेवावे.'

आमच्या धंद्यात 'मिश्रण' या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. मिश्रण म्हणजे दूध, साय, साखर, पावडर, झालेच तर स्थिरक. फळ हा मिश्रणाचा भाग नसतो. ते मुरवून झाल्यावर, गोठवताना पडते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते आणि म्हणूनच कोणी लिहीत नाही. मी तो शब्द त्या अर्थाने लिहिला. काकांनी तो मराठीत वाचला. मराठीत 'सर्व' म्हणजे सर्व.

सीताफळाने ती चूक पोटात घातली. स्ट्रॉबेरीनेही घातली. अंजिराने घातली नाही, कारण अंजिराच्या चिकात फिसिन नावाचे विकर (एन्झाइम) असते, ज्याचे काम प्रथिने कापणे हे आहे. कच्च्या पपईतले पेपेन आणि ताज्या अननसातले ब्रोमेलेन ही त्याचीच भावंडे. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत प्राचीन काळापासून अंजिराच्या चिकाने दूध विरजून चीज करत आले आहेत. फळ पिकते तसा चीक कमी होतो, पण बाजारासाठी तोडलेले अंजीर पुरते पिकलेले नसते, तसे असते तर ते घाट उतरेपर्यंत फुटून गेले असते. काका देठासकट वाटत होते, म्हणजे जिथे चीक सर्वांत जास्त तो भागही आत जात होता. पूर्वीच्या पद्धतीत गर अर्धवट गोठलेल्या पॉटमध्ये पडे आणि त्या थंडीत विकराचा हात जवळजवळ बांधला जाई. माल दोन दिवसांत संपे. माझ्या पुठ्ठ्याने त्याला बारा-तेरा तास मोकळीक दिली.

हे सगळे मला एका मिनिटात कळले, पण काकांना ते सांगून पटले नसते. मी दुधाचे चार ग्लास मागितले. दूध उकळून, बोट बुडवले तर सोसेल एवढे कोमट केले. पहिल्या ग्लासात काहीच नाही. दुसऱ्यात चमचाभर कच्चा गर. तिसऱ्यात तोच गर, पण पाच मिनिटे खदखदून उकळून गार केलेला. चौथ्यात एका घट्ट अंजिराचा देठ मोडून निघालेला पांढरा चीक, जेमतेम दोन-तीन थेंब. तिसरा ग्लास मुद्दाम ठेवला होता, कारण काका म्हणणार होते की फळाच्या आंबटपणाने दूध फाटले. आंबटपणा उकळून जात नाही, विकर मात्र मरते.

चिकाचा ग्लास आम्ही बोलत असतानाच बसला. कच्च्या गराच्या ग्लासाला अर्ध्या तासाच्या आत तळाशी गुठळी आणि वर हिरवट पाणी आले. उकळलेल्या गराचा ग्लास तसाच राहिला, आणि संध्याकाळी मी निघेपर्यंत तसाच होता. काकांनी तिन्ही ग्लास उचलून उजेडाकडे धरून पाहिले. शेवटी त्यांनी विचारले, "मटणाला पपई लावतात, तसं?" मी म्हटले, "अगदी तसंच." इतक्या नेमक्या शब्दांत मला ते सांगता आले नसते.

शेडमध्ये दोनेक तासांपूर्वी तापवलेले आंब्याचे मिश्रण होते, त्यात मी थर्मामीटर सोडला. पाण्याच्या टाकीत एक तास आणि मग फ्रीजमध्ये एक तास राहूनही वीस लिटरच्या कॅनच्या मधोमध २७ अंश होते. नोव्हेंबरमध्ये मी बजावले होते की कॅन बर्फाच्या पाण्यात ठेवून तासाभरात १० अंशांखाली आणा. उन्हाळ्यात लादी महाग झाली तेव्हा काकांनी तो बर्फ वाचवला होता. फिसिनला कोमट मिश्रण फार आवडते; म्हणजे रात्रीचे पहिले चार-पाच तास त्याने निवांतपणे काम केले असणार. इथे मला एक पळवाट दिसली, हे कबूल केले पाहिजे. 'तुम्ही थंड करण्यात हयगय केलीत' एवढे म्हटले असते तरी ते खोटे ठरले नसते, माझा पुठ्ठा भिंतीवर निष्कलंक राहिला असता आणि काकांनी ते मुकाट्याने ऐकूनही घेतले असते. मी तोंड उघडून सुरुवातही तशीच केली होती. पण सून वही हातात धरून उभी होती, आणि तिने तो रकाना आणि चौथी ओळ दोन्ही पाहिलेले होते.

मी सांगितले की चूक माझ्या ओळीत आहे. काका रागावतील असे वाटले होते. ते म्हणाले, "तुम्ही बरोबरच लिहिलं असेल मॅडम, आम्हालाच वाचता आलं नाही." या वाक्याचे काय करायचे ते मला अजून कळलेले नाही. शिकलेल्या माणसाने लिहून दिलेला कागद चुकू शकत नाही ही त्यांची समजूत मला त्या क्षणी कडूपणापेक्षा जास्त लागली. नऊ वर्षे त्यांचा हात बरोबर होता. गर शेवटी घालायचा हे त्यांना कोणी शिकवले नव्हते, आणि तरी ते बरोबर करत होते. मी येऊन त्यांच्या हाताला सांगितले की तू थांब, भिंतीवर लिहिले आहे तसे कर.

उपायावर मात्र आमचे जमले नाही. माझे म्हणणे असे की देठाकडचा भाग कापून टाकावा, गर साखरेबरोबर ८५ अंशांपर्यंत पाच मिनिटे तापवावा, गार करावा आणि मुरलेल्या मिश्रणात पॉटला लावताना घालावा. विकरही मरते आणि तापवलेल्या मिश्रणात कच्चे फळ घालण्यातला जंतूंचा धोकाही टळतो. त्यांनी तसे करून चाखले आणि कप खाली ठेवला. "हा जॅम झाला." ते खोटे नाही. तापवलेल्या अंजिराला पाकाचा, सुक्या अंजिराकडे झुकणारा वास येतो आणि ताज्या अंजिराचा तो हिरवा, किंचित गवताळ सुगंध उडून जातो, जो या दुकानाखेरीज मी कुठल्याही आइस्क्रीममध्ये घेतलेला नाही. काकांना देठ कापणे मान्य, फळ स्वच्छ धुऊन घेणे मान्य, कॅन बर्फात ठेवणे पुन्हा मान्य, पण विस्तव नाही. शेवटी गर कच्चाच, पॉट अर्धा बसल्यावर घालायचा आणि माल दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवायचा नाही, असे ठरले. पुस्तकाप्रमाणे मी यावर सही करायला नको होती. चव घेतल्यावर केली.

राहिला बागायतदार. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे फलक सासवडच्या रस्त्यावर दिसतात, पण मानांकन आहे म्हणून कोणी पहाटे चारला टेम्पो काढून चार पाट्या दारात आणून देत नाही. ती नऊ वर्षांची ओळख असते. मी काकांना म्हटले, आता फोन करा. ते म्हणाले, "मी कुठल्या तोंडाने करू? तुम्हीच सांगा त्यांना, तुमचं शास्त्र आहे." म्हणून मी त्यांच्याच फोनवरून लावला, आणि ओळख सांगून चिकाबद्दल, दुधाबद्दल, माझ्या ओळीबद्दल सगळे सांगितले. पलीकडचा माणूस मध्ये एकदाही बोलला नाही. मी संपवल्यावर म्हणाला, "चीक होय. तोडणीच्या बायांच्या बोटांची सालं काढतो तो. दुधाचं काय घेऊन बसलात." मग थोडे थांबून म्हणाला की हे काकांनी त्याला विचारले असते तर त्यानेच सांगितले असते, पण विचारायला फोन आलाच नाही, सुनवायला आला.

काका शेजारी बसून ऐकत होते. मी फोन त्यांच्याकडे केला. त्यांनी तो हातात घेतला, कानाला लावला आणि "हं" म्हणाले. पलीकडून काय बोलणे झाले ते मला कळले नाही. फोन ठेवल्यावर एवढेच म्हणाले की या बहराचा माल त्याने दुसरीकडे बोलून टाकला आहे, पुढचे पुढे पाहू.

जाण्यापूर्वी मी पुठ्ठा उतरवून नवा लिहून देऊ म्हटले. काकांनी जुनाच ठेवला. सुनेने त्यावर 'सर्व घटक' या शब्दांवर काट मारली आणि वर बारीक अक्षरात लिहिले: 'दूध, साय, साखर, पावडर. फळ नाही.' माझ्या वाक्यापेक्षा ते वाक्य चांगले आहे.

घरी येऊन मी जुन्या फायली काढल्या. त्या सहा ओळी मी आजवर आणखी चौदा ठिकाणी लिहून दिल्या आहेत, प्रत्येक ठिकाणी चौथी ओळ तशीच. मी एकेकाला फोन करायला घेतले. बहुतेकांनी फळ शेवटीच घातले होते, आणि मी हे का विचारते आहे तेच त्यांना कळेना. कोकणातल्या एका बाई अननसाचे आइस्क्रीम करतात, त्यांना मी घाबरत घाबरत विचारले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "ताजा अननस दुधात घालतात होय? कडू होतं ते, माझ्या सासूबाई सांगायच्या. आम्ही डब्यातलाच घालतो." डब्यातला अननस बंद करताना तापवलेला असतो, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

तेरा फोन झाले. चौदाव्याचा नंबर गेला आठवडाभर लागत नाही. माझ्या फाइलीत त्यांच्या नावापुढे मीच लिहिलेले आहे: केशर, पेरू, पपई.